जुन्या सिरॉकोत १.८ टर्बो: इंजिन बसवण्याआधीचं आणि नंतरचं काम

माझ्या सिरॉकोत नवं इंजिन एका शनिवारी दुपारी दोन तासांत उतरलं. गाडी रस्त्यावर आली ती पुढच्या पाडव्यानंतर. मधले महिने क्लचच्या नळीत, एक्सलच्या लांबीत, एका निळ्या वायरीत आणि ब्रेकच्या मागे गेले. इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. या लेखात इंजिनापेक्षा त्या वऱ्हाडाबद्दलच जास्त लिहिलंय.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची फोक्सवॅगन सिरॉको. १९७४ साली आलेली, इटालियन डिझायनर जुजारोने रेखलेली, ओस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यात बांधलेली. पहिल्या गोल्फची सख्खी बहीण. तिच्याही काही महिने आधी बाजारात उतरली. वजन जेमतेम आठशे किलोच्या घरात. तिच्यातलं सगळ्यात जोरकस मूळ इंजिन जीटीआयचं, १५८८ सीसी आणि ११० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर).

त्या जागी बसवायचं ते १७८१ सीसीचं, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं, २० व्हॉल्व्हचं १.८ टर्बो. साध्या रूपात १५० पीएस, आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही १७५० आरपीएमच्या आसपासच हाती येणारा. नव्वदीच्या मध्यापासून ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडा, सिआट अशा सगळ्या घरांत ते नांदलं. आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला, त्या काळातली ऑक्टाव्हिया आरएस ज्यांनी चालवलीय त्यांना या इंजिनाचा पिकअप सांगायला नको. तिथे ते तेराशे किलोंच्या आगेमागे असलेली गाडी ओढायचं.

याला आता कोण आधुनिक म्हणणार, असं कुणी म्हणेल. पण मला हेच योग्य वाटतं. नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोक, ओळखणारा सेन्सर आहे, दर प्लगला स्वतंत्र कॉइल आहे, लॅपटॉप जोडून दोष वाचता येतात. त्यानंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनांना कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप लागतो आणि गाडीतल्या दहा कंट्रोल युनिटांशी बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सिरॉकोत बोलायला दुसरं कुणीच नाही.

कागद आधी

मी इंग्लंडात राहतो. इथे इंजिन नंबर आणि सीसी बदलले की डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवून गाडीचे कागद दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी सांगितलेलं बरं. अपघातानंतर सांगून उपयोग नसतो. ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळू शकते, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झाला असेल तर ती धरता येत नाही. मी सूट मागितलीच नाही. वर्षातून एकदा परक्या माणसाने गाडीखाली बॅटरी मारून बघितलेलं मला हवंच आहे.

महाराष्ट्रात बसून हे करायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. फक्त ट्रॅकवर पळवायची, ट्रेलरवरून न्यायची-आणायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिनाआधी गिअरबॉक्स ठरवा

बहुतेकांचं इथेच चुकतं. इंजिन विकत घेऊन येतात आणि मग गिअरबॉक्सचं काय करायचं ते बघतात.

सिरॉकोच्या मूळ गिअरबॉक्सला ०२० म्हणतात. त्याचा क्लच उलटा असतो: क्रँकवर प्रेशर प्लेट बसते आणि फ्लायव्हील त्या प्रेशर प्लेटवर बोल्ट होतं. क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून एक सळई आरपार जाऊन प्लेट ढकलते. पहिल्यांदा उघडणारा मेकॅनिक दोन मिनिटं नुसता बघत बसतो. टर्बो इंजिनाचा ब्लॉक याच घराण्यातला असल्यामुळे ०२० त्याला बोल्ट होतो, आणि हाच मोह घातक आहे. ०२० च्या डिफरन्शिअलमध्ये क्राउन गिअर रिव्हेटने जोडलेला असतो. जास्त टॉर्कने एखादा रिव्हेट सैल होतो, बाहेर डोकावतो आणि फिरता फिरता गिअरबॉक्सचं कवच फोडून तेल रस्त्यावर सांडतो. रिव्हेट काढून बोल्ट मारण्याचा किट मिळतो, आणि शांत डोक्याने चालवणाऱ्याला तो पुरतोही. टर्बो बसवणारा किती दिवस शांत डोक्याने चालवेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी ०२ए नावाचा गिअरबॉक्स घेतला, फोक्सवॅगनच्याच कोराडोतला. तो दणकट आहे, पण क्लच हायड्रॉलिक आणि गिअर केबलवर. म्हणजे सिरॉकोतली क्लचची केबल आणि गिअरच्या सळया दोन्ही भंगारात. क्लच पेडलला मास्टर सिलिंडर जोडायचा, टनेलवर केबलवाली गिअर लिव्हरची पेटी बसवायची, दोन केबल फायरवॉलमधून पुढे न्यायच्या. या गिअरबॉक्ससाठी जी जोडी वर्षानुवर्षं चालत आलीय ती म्हणजे फोक्सवॅगनच्याच जी६० इंजिनाचं फ्लायव्हील आणि सहा सिलिंडरच्या व्हीआर६ इंजिनाची २२८ मिलिमीटरची क्लच प्लेट, प्रेशर प्लेटसकट. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच वापरा. ते ताणून बसणारे असतात: ६० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. जुना बोल्ट एकदा ताणला गेलाय, त्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवू नका.

इंजिन घेताना

शक्य असेल तर आख्खी गाडी घ्या, मागून ठोकलेली असली तरी चालेल. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), किल्ली, मीटरचं क्लस्टर, होज, ब्रॅकेट, वीस प्रकारच्या क्लिपा असं सगळं तिच्यात असतं. सुटं इंजिन स्वस्त दिसतं, पण मग सहा महिने एकेक क्लिप शोधत बसावं लागतं. मी सुटंच घेतलं होतं, म्हणून सांगतो.

इंजिनाचा कोड बघा. सुरुवातीच्या एजीयूला थ्रॉटल केबलवर चालतो, म्हणजे जुन्या गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरला थेट जोडता येतो. नंतरच्या एयूएमसारख्या इंजिनांत थ्रॉटल विजेवर असतो, मग पेडलही त्याच गाडीचं लागतं, आणि ईसीयू मूळ क्लस्टर व किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू ठेवत नाही. सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. त्यावर इलाज आहेत, पण तो खर्च आधीच धरा.

इंजिन स्टँडवर घेतलं की पहिलं काम म्हणजे चेंबर, म्हणजे तळाची तेलाची टाकी, उघडायचा. आत तेल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते, आणि या इंजिनांत ती काळ्या जळक्या गाळाने बुजलेली सापडणं अगदी नेहमीचं. माझ्या इंजिनाला विकणाऱ्याने ‘एकदम क्लीन’ म्हटलं होतं. जाळीतून टॉर्चचा उजेड पलीकडे येत नव्हता. जाळी धुऊ नका, नळीच बदला. मग टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप धातूच्या पंख्याचा घ्या, कारण मूळचे प्लास्टिकचे पंखे तडकून शाफ्टवर नुसते फिरत राहतात आणि इंजिन तापायला लागतं. कॉम्प्रेशन मोजताना आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक बघा. तो तीन बारच्या पलीकडे गेला तर ते इंजिन परत करा. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा: बाजूला किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे हलायला नको, आणि पाती घराला घासल्याची एकही चकाकती रेघ नको.

मोजमाप आणि माउंटिंग

जुनं इंजिन बाहेर काढल्यावर घाईने नवं आत ढकलू नका. इंजिन-बे धुऊन काढा, गंज तपासा, विशेषतः बॅटरीखालचा आणि स्ट्रटच्या मुंडीपाशी असलेला. टर्बोचा टॉर्क कुजक्या पत्र्यावर घालण्यात काही अर्थ नाही.

नवं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बोल्ट करून चेनकप्पीला टांगा आणि वरून सोडा. आता लाकडी ठोकळे, खडू आणि पुठ्ठा घ्या. जुन्या इंजिनाचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मागे होते. या इंजिनाचा इनटेक पुढे आणि टर्बो मागे, फायरवॉलच्या बाजूला. म्हणजे पुढच्या क्रॉसमेंबरपाशी इनटेकची मारामारी, आणि मागे डाउनपाइप स्टिअरिंग रॅकच्या अंगावर. जागा शोधताना क्रम असा ठेवा: आधी गिअरबॉक्सच्या दोन्ही फ्लँज चाकांच्या हबशी जुळवा, मग स्टिअरिंग रॅकपासूनचं अंतर बघा, मग बोनेट. कॅम कव्हरवर मुलांच्या खेळातल्या चिकणमातीचे गोळे ठेवा, बोनेट हलकेच लावून पुन्हा उघडा आणि दाबले गेलेले गोळे मोजा. इंजिन जागच्या जागी बसून राहत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे-पुढे झुलतं. चारी बाजूंनी बोटभर फट पुरत नाही, दोन बोटं ठेवा.

माउंटिंगचे ब्रॅकेट तयार मिळतात. टर्बोच्या ब्लॉकला जुन्या ब्लॉकवरच्या सगळ्या जागी आटे नसतात, त्यामुळे जुने ब्रॅकेट जसेच्या तसे लागत नाहीत. स्वतः बनवत असाल तर आधी नुसते टाके मारा, पूर्ण वेल्डिंग नको. मी पुढचं माउंटिंग पूर्ण वेल्ड करून, घासून, रंगवून झालो आणि मग रेडिएटर लावायला गेलो. पंख्याची मोटर बरोबर त्या ब्रॅकेटवर टेकली. ग्राइंडर पुन्हा बाहेर. त्यामुळे टाके मारताना गाडीत सगळं असू द्या: रेडिएटर, पंखा, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी), डाउनपाइप, बॅटरी. आणि तिन्ही माउंटिंगना कडक पॉलीयुरेथेन घालू नका. सिग्नलला उभं राहिल्यावर आरसे थरथरून मागची गाडी दिसेनाशी होते.

एक्सलचं गणित वेगळंच. आतली बाजू ०२ए च्या १०० मिलिमीटरच्या फ्लँजला, बाहेरची बाजू सिरॉकोच्या हबला. असा दोन गाड्यांचा मिळून एक्सल बाजारात तयार मिळतोच असं नाही. मोजायचं तीन वेळा: चाक लोंबकळत असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर दाबून. तिन्ही स्थितींत आतल्या जॉइंटला दोन्हीकडे थोडी सरक उरली पाहिजे. लांबी बसत नसेल तर शाफ्ट कापून वेल्ड करू नका. शाफ्टचं पोलाद कडक केलेलं असतं, वेल्डजवळ ते ठिसूळ होतं आणि तुटतं ते नेमकं ओव्हरटेक करताना. एक्सल बनवणाऱ्याकडून नवा करून घ्या.

तेल, पाणी, हवा, पेट्रोल

टर्बोचे बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर जगतात. तेल येणारी नळी बारीक आणि दाबाखाली असते. परत जाणारी नळी जाड हवी आणि सतत उताराची हवी, मध्ये कुठेही पोट नको, कारण त्या नळीत दाब नसतो आणि तेल नुसतं ओघळत चेंबरमध्ये जातं. तिथे पाणी अडल्यासारखं तेल अडलं तर सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जातं आणि मागे निळा धूर. पाण्याच्या बाजूने एक्स्पान्शन टँक सगळ्यात उंच ठेवा आणि हवा काढताना गाडीचं नाक जॅकवर उचलून हीटर पूर्ण उघडा.

इंटरकूलर कशाला, इतकासा तर बूस्ट (टर्बोचा जादा दाब) आहे, असं मला एकाने विचारलं. हिशेब करून बघा. बाहेर २५ अंश, बूस्ट ०.६ बार, म्हणजे हवा १.६ पट दाबली. आदर्श कॉम्प्रेसर असता तरी हवा ६८ अंशांवर गेली असती. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर ८६. तेवढी तापलेली हवा विरळ असते आणि नॉक ओढवून घेते, मग ईसीयू टायमिंग मागे घेतं आणि पैसे देऊन घेतलेली ताकद गायब. सिरॉकोच्या पुढच्या बंपरमागे चपटा इंटरकूलर बसतो. रेडिएटरला हवा मिळेल इतकी जागा मात्र सोडा.

थ्रॉटल झटकन सोडल्यावर हवा वळवणारा व्हॉल्व्ह मूळ रचनेप्रमाणे परत इनटेकमध्येच सोडा. बाहेर सोडला की ‘फुस्स’ आवाज येतो आणि तरुण मंडळी खूश होतात, पण ती हवा एअर मास मीटरने आधीच मोजलेली असते. ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतं, हवा मात्र आत नसते.

पेट्रोलचा दाब इनटेकच्या दाबापेक्षा तीन बार जास्त राहायला हवा. कार्ब्युरेटरच्या सिरॉकोतला पंप इथे बिनकामाचा. जीटीआयच्या के-जेट्रॉनिक या जुन्या इंजेक्शन पद्धतीचा पंप मुळातच पाचेक बारवर चालणारा, त्यामुळे तो सुस्थितीत असेल तर कामी येतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी विसरू नका, आणि टाकी पाव झाल्यावर वळणात पेट्रोल एका बाजूला जातं म्हणून मध्ये छोटा स्वर्ल पॉट, म्हणजे पेट्रोल साठवून ठेवणारा डबा, ठेवा. सगळे होज इंजेक्शनच्या दर्जाचे. साधा कार्ब्युरेटरचा पाइप तीन बारला घाम फोडतो, आणि खाली लालबुंद टर्बो असतो.

वायरिंग

सगळे इथे घाबरतात, आणि खरं तर इथेच जर्मन गाड्यांचा एक मोठा फायदा आहे. १९७४ ची सिरॉको आणि पंचवीस वर्षांनंतरची गोल्फ, दोघींच्या आकृत्यांवर तेच आकडे: ३० म्हणजे बॅटरीची कायमची प्लस, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावरची, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर. टर्बोचं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, स्वतंत्र बेट समजा. त्या बेटाला जुन्या गाडीशी जोडणारे धागे मोजकेच: ३०, १५, ३१, पंपाचा रिले, टॅको (आरपीएम दाखवणारा काटा), तापमानाचा काटा, पंखा आणि अल्टरनेटर. बाकी लाइट, वायपर, हॉर्न यांना हात लावू नका. प्रत्येक वायर कापण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी चिकटवा.

पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात द्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. किल्लीवर थेट जोडलात तर अपघातात इंजिन मेलं तरी पंप पेट्रोल ओतत राहील. जुना टॅको कॉइलच्या १ नंबरवरून चालायचा. आता चार कॉइल आहेत, म्हणून सिग्नल ईसीयूकडून घ्यायचा. इंजिन ते बॉडी जाड अर्थिंगची पट्टी लावा. ती विसरलात तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल तापून चिकटते, थ्रॉटल उघडा राहतो.

आता ती निळी वायर. अल्टरनेटरला जागं करायला सुरुवातीला थोडा करंट लागतो, आणि तो डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून निळ्या वायरीने येतो. मी हौसेने डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केले होते. एलईडीतून जाणारा करंट इतका कमी की अल्टरनेटर झोपलेलाच. दिवा मंद पेटून राहायचा, मला वाटायचं दिवाच तसा आहे. तिसऱ्या दिवशी, पावसात, वायपर आणि हेडलाइट लावून घरी येताना गाडी हळूहळू मरत गेली: आधी रेडिओ, मग वायपर मंद, मग मिसिंग, मग शांतता. जुना दीड रुपयाचा बल्ब परत लावला आणि मीटरवर चौदा व्होल्ट दिसले.

ब्रेक

पुढच्या मूळ डिस्क २३९ मिलिमीटरच्या, मागे ड्रम. नंतरच्या गोल्फच्या २५६ मिलिमीटरच्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क कॅलिपरसकट घ्या. बोल्टचं अंतर तेच, ४ x १००. १३ इंची रिम त्यावर बसते का ते डिस्क विकत घेण्याआधी बघा. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या सिरॉकोत सर्वो, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणारा व्हॅक्यूमचा डबा, डावीकडेच राहतो आणि पेडलचा जोर आडव्या सळईने पलीकडे जातो. ती सळई आणि तिचे बुश झिजले की पेडल स्पंजासारखं लागतं, आणि माणूस उगाच हवा काढत बसतो. सर्वोच्या व्हॅक्यूम नळीत एकाच दिशेने चालणारा व्हॉल्व्ह नीट चालतोय ना, हे फुंकून बघा. आता इनटेकमध्ये कधी व्हॅक्यूम तर कधी बूस्ट असतो. व्हॉल्व्ह गळका असेल तर बूस्ट सर्वोत शिरेल आणि नेमकं जोरात जाताना ब्रेकची मदत जाईल.

पहिला स्टार्ट

कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून ठेवा. टर्बोच्या तेलाच्या नळीत थोडं तेल भरा. स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग जोडून चालू करा. रेस करू नका. जवळ अग्निशामक आणि एक माणूस ठेवा, तो माणूस बोनेटखाली बघेल आणि तुम्ही काट्यांकडे. पंखा आपोआप सुरू होऊन आपोआप बंद होईपर्यंत गाडी जागची हलवू नका.

बूस्ट कंपनीचाच ठेवा, निदान पहिले हजार किलोमीटर. आठशे-नऊशे किलोंच्या गाडीला तेवढा भरपूर होतो: दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की स्टिअरिंग हातात वळवळतं आणि आतलं चाक नुसतं फिरतं.

गाडी बाहेर काढण्याआधी माउंटिंग, एक्सल आणि ब्रेकच्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत, पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी घोडीवर चढवा आणि रेघा बघा. माझ्या गाडीत सगळ्या जुळत होत्या. गिअरबॉक्सच्या माउंटिंगच्या एका बोल्टची रेघ मात्र पाव फेरा सरकली होती.